बाळाच्या अंगाला तेल

बाळंतिणीच्या घरी सकाळी मालिशवाली बाई येते. पाय लांब करून ती पाटावर बसते, बाळाला पायांवर घेते आणि कोमट खोबरेल अंगात जिरवते. ही नुसती रूढी नव्हे. अमेरिकेत मायामी येथे टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना १० दिवस, रोज तीनदा १५ मिनिटे अंग चोळून हातपाय हलवून दिले. १९८६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: दूध इतरांइतकेच पिऊनही या बाळांचे वजन रोज ४७ टक्के जास्त वाढले!

मात्र आजीबाईंनो, रागावू नका, नाकाकानांत तेल सोडणे थांबवा. नाकातले तेल फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. टाळूवर तेल लावा, पण दाबू नका. ओढून नाक काही सरळ होत नाही. आणि बाळ रडू लागले, तर हात थांबवा.