खलाशी वाटेकरी की नोकर?



हर्णे, मिरकरवाडा, मालवण अशा बंदरांतून रोज यंत्राच्या बोटी मासेमारीला सुटतात. जाळे ओढताना विंच फिरत असतो, दोर ताठ होतो, आणि ओल्या फळीवर उभ्या असलेल्या खलाशाचा हात त्यात सापडायला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. बोट किनाऱ्याला लागते, दवाखाना होतो. मालक थोडे पैसे हातावर ठेवतो आणि म्हणतो, "तू काय माझा नोकर आहेस? तू तर वाटेकरी!" या एका शब्दापाशीच पुष्कळ गरीब माणसे माघारी फिरतात.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. कामावर इजा झाली तर मालकाने भरपाई द्यावी, असा कायदा आपल्याकडे 1923 साली झाला. यंत्राने चालणाऱ्या जहाजावरचे तांडेल व खलाशी त्याच्या यादीत होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे; पण भरपाईचा मूळ सांगाडा तोच आहे. चूक कोणाची, हा प्रश्न येथे सहसा येत नाही. खलाशाचे लक्ष जरा ढळले होते, एवढ्याने त्याचा हक्क बुडत नाही. दारूच्या नशेत इजा झाली तर मात्र मालक हरकत घेऊ शकतो. पण मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तर तीही हरकत चालत नाही.

राहिला वाट्याचा प्रश्न. सौराष्ट्रातील ध्रांगध्रा येथे मिठागरांत राबणाऱ्या अगरियांना मिठाच्या मापावर पैसे मिळत. ते कामगार नव्हेत, असे कंपनीचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने 1956 साली ते मानले नाही. पैसे कसे मिळतात यापेक्षा, काम कसे करावे हे सांगण्याचा अधिकार कोणाचा, हे न्यायालयाने पाहिले. हीच कसोटी बोटीला लावून बघा. बोट कोणाची? जाळे आणि डिझेल कोणाचे? कधी सुटायचे, कोणाला काढायचे, हे कोण ठरवतो? माणूस खरोखरच बोटीत भागीदार असेल तर गोष्ट वेगळी. पण नुसता मासळीचा वाटा मिळतो म्हणून कोणी मालक होत नाही!

रकमेचा अंदाज हवा ना? समजा, खलाशी 30 वर्षांचा आहे आणि महिन्याला 12,000 रुपये मिळवतो. कायमचे संपूर्ण अपंगत्व आले तर पगाराचे 60 टक्के, म्हणजे 7,200. त्याला वयाच्या कोष्टकातील 207.98 या आकड्याने गुणायचे. होतात 14,97,456 रुपये. नुसता अंगठा गेला तर त्याचे 30 टक्के, म्हणजे सुमारे साडेचार लाख. औषधपाण्याचा खरा खर्च वेगळा. 1976 च्या निवाडा-संग्रहांत एका सुताराचा खटला आहे. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून न्यायालयाने ते संपूर्ण अपंगत्वच धरले. एका हाताने जाळे तरी कुठे ओढता येते?

शिक्षक बंधूंना एक सांगायचे आहे, कारण गावात अर्ज बहुधा तुम्हीच लिहून देता. दवाखान्याच्या केसपेपरवर "पडून इजा" एवढेच नको. "बोटीवर विंचमध्ये हात सापडला" असे लिहून घ्यायला सांगा. सोबतच्या खलाशांची नावे लगेच टिपून ठेवा, कारण हंगाम संपला की ती मंडळी आपापल्या मुलखात जातात. उचल दिल्याची चिठ्ठी, वाट्याच्या हिशेबाची वही, बंदरावर बोटीची नोंद असेल तर तिचा उतारा, सारे जपावे. "माझी काही मागणी नाही" अशा कागदावर अंगठा घेतला असला, तरी त्याने कायद्याचा हक्क सुटत नाही.

दावा साधारणपणे दोन वर्षांच्या आत करावा लागतो. तो खलाशी राहतो त्या भागातही करता येतो. परमुलखातून आलेल्या माणसाला बंदरावर खेटे घालावे लागत नाहीत. कोठे जायचे याची चौकशी जिल्ह्याच्या कामगार कचेरीत करावी. जहाजावरच्या मृत्यूची मुदत मात्र निराळी आहे: बातमी कळल्यापासून एक वर्ष, आणि जहाज सर्व माणसांसह नाहीसे झाले असेल तर त्या दिवसापासून अठरा महिने. मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर घरी नेऊन द्यायची नसते. ती अधिकाऱ्याकडे जमा होते आणि तेथून वारसांना मिळते.