जुनं थिएटर, नवा पडदा
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



संस्थेला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, सर्वांचं अभिनंदन. आता इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचा विषय सर्वसाधारण सभेपुढे येतोय, म्हणून एका जुन्या सिनेमागृहाबद्दल बोलतो. महाबळेश्वरात मुंबईचं थिएटर कशाला, असं कोणी म्हणेल. पण प्रश्न तोच आहे: नवं आणताना ठेवायचं काय आणि बदलायचं काय?

चर्चगेट स्टेशनसमोरचं ‘इरॉस’ 1938 साली सुरू झालं. वास्तुविशारद होते सोराबजी भेदवार. बाहेर लाल आग्रा दगड आणि क्रीम रंग, कोपऱ्यावर टप्प्याटप्प्यानं चढत जाणारा मनोरा, आत संगमरवरी जिना. एकच पडदा आणि खुर्च्या बाराशेच्या आसपास. पुढे मल्टिप्लेक्स आले, हातात मोबाईल आले, एवढ्या खुर्च्या रोज कोण भरणार? थिएटर काही वर्षं बंद राहिलं. 2018 मध्ये मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. त्यात इरॉसही आहे. पण यादीत नाव आलं म्हणून तिकिटं खपत नाहीत!

फेब्रुवारी 2024 मध्ये ते पुन्हा उघडलं. दर्शनी रूप जपलं, आत आयमॅक्सचा मोठा पडदा लावला, खुर्च्या सुमारे तीनशेच ठेवल्या. जुनं प्रेक्षागृह गेलं याची हळहळ अनेकांना आहे, आणि ती खोटी नाही. तरी मला वाटतं, कुलूप लावलेली वास्तू लवकर मरते. माणसांची ये-जा असली की गळती दिसते, कोणीतरी ती बुजवतं.

दुसरं उदाहरण जवळचं, कोल्हापूरचं. शाहू महाराजांनी उभारलेलं, आज केशवराव भोसले यांच्या नावानं ओळखलं जाणारं नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत सापडलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शंभर वर्षांपूर्वीची वास्तू एका रात्रीत होरपळली. तेव्हा वायरिंग, अग्निशमन, बाहेर पडायच्या वाटा हे सगळं वारशाच्या आड येत नाही. त्यावरच वारसा टिकतो.

आता आपल्याकडे वळू. इथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. उतरतं छप्पर आणि जांभ्याचं बांधकाम ही इथली हौस नव्हे, गरज आहे. 2001 पासून हा परिसर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, म्हणजे झाडं आणि उंची यांबाबत मनमानी चालणार नाही.

माझी सूचना साधी आहे. कंत्राटदाराचं कोटेशन मागवण्याआधी दोन याद्या करा. एक, ज्याला हात लावायचा नाही त्याची. दुसरी, जे बदलल्याशिवाय चालणारच नाही त्याची: पाइप, वायरिंग, जिन्याचे कठडे, ज्येष्ठांसाठी उतार. पहिली यादी छोटी ठेवा, पण ती पक्की पाळा. दुसरीत पैशाची काटकसर करू नका.

पुढच्या पंचवीस वर्षांसाठी मनःपूर्वक शुभेच्छा.