काढा, गोळी आणि यकृत



या परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने अमिरातीतल्या अल ऐनमध्ये मी आपणा सर्वांचे मनापासून स्वागत करते. जबल हफीत डोंगराच्या सावलीतले हे शहर खजुराच्या बागांचे. फलजच्या जुन्या पाटांनी पाणी पिणाऱ्या या बागांना २०११ साली युनेस्कोने जागतिक वारशात स्थान दिले. त्याच वर्षी इथल्या युएई विद्यापीठातील डॉ. अम्र अमीन आणि सहकाऱ्यांचे केशरावरचे संशोधन ‘हेपॅटॉलॉजी’ या नियतकालिकात आले. रसायने देऊन उंदरांच्या यकृतात कर्करोगाची सुरुवात घडवली होती. ज्यांना केशराचा अर्क मिळाला, त्यांच्या यकृतात गाठी कमी झाल्या, दाहही कमी आढळला. हा निष्कर्ष उंदरांपुरता आहे, हे मी मुद्दाम सांगते. आपल्या फोनवर पोचेपर्यंत अशा बातमीतले उंदीर गळून पडतात आणि रुग्ण आशेने केशर विकत घेतात.

वनस्पती यकृताला तारते तशी मारूही शकते, हे आपल्या मुंबईने पाहिले आहे. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये यकृताला इजा झालेले सहा रुग्ण डॉ. आभा नागराल आणि सहकाऱ्यांनी तपासले. करोनाच्या धास्तीने प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून ते सगळेच गुळवेल घेत होते. पुढच्या वर्षी हा अहवाल प्रसिद्ध झाल्यावर आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीवरच शंका घेतली. २०२२ मध्ये देशभरातल्या तेरा केंद्रांनी मिळून असेच ४३ रुग्ण नोंदवले. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटावी, तसे हे चित्र बहुतेकांत दिसले. वैद्यमंडळी या सभागृहात आहेत. ओळख, मात्रा, काळ आणि रुग्णाची प्रकृती यांवर त्यांनी सडेतोड बोलावे, अशी माझी विनंती आहे.

गोळीलाही यातून सूट नाही. पॅरासिटामॉल घरोघरी असते. त्याचा बराचसा भाग यकृत निरुपद्रवी करते आणि तो लघवीवाटे बाहेर पडतो. थोड्या भागाचे मात्र ‘नापक्वी’ नावाचे विषारी संयुग बनते आणि यकृतातले ग्लुटाथायोन हे रक्षक संयुग ते लगेच निकामी करते. मात्रा फार झाली की ग्लुटाथायोनचा साठा संपतो, मग नापक्वी पेशीतल्या प्रथिनांना चिकटते आणि पेशी मरतात. एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा वेळेत, शक्यतो आठ तासांच्या आत दिले, तर हा साठा पुन्हा भरतो आणि यकृत वाचते. इतकी स्पष्ट साखळी गुळवेलीबाबत अजून हाती आलेली नाही. ती शोधणाऱ्या तरुणांसाठी ही परिषद आहे.

हळदीचेच पाहा. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवले की मिऱ्यातले पायपरिन सोबत दिले तर माणसाच्या रक्तात उतरणारे कर्क्युमिन वीसपट होते. आमटीतल्या चिमूटभर हळदीला याने काही बिघडत नाही. पण त्याच जोरावर विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमधली मात्रा स्वयंपाकघरातली नसते, आणि यकृत ज्या वाटांनी इतर औषधे निकाली काढते त्यांतल्या काही वाटा पायपरिन अडवते. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाने हे डॉक्टरांना सांगायलाच हवे.

रुग्णाने हे मोकळेपणाने सांगावे, यासाठीच परिषद मराठीत घेण्याचा आग्रह आम्ही धरला. इथल्या दवाखान्यात डॉक्टर विचारतात, कोणती औषधे घेता? आपला माणूस गोळ्यांची नावे सांगून थांबतो. आईने गावाहून डब्यात भरून दिलेले चूर्ण, सकाळचा काढा, कावीळ झाली म्हणून मामांनी पाठवलेली भुईआवळ्याची भुकटी, यांतले काहीच तो औषधात धरत नाही. डब्यावर नाव नसते, तारीख नसते, मात्रा नसते. रागावून विचारले तर तो आणखी लपवतो. “काकू, सकाळी काही काढा वगैरे घेता का?” असे विचारले की काकू डबाच पर्समधून काढून दाखवतात.

म्हणून यजमानांच्या हक्काने एक मागणे मागते. डॉक्टर, वैद्य आणि औषधविक्रेते यांनी एकत्र बसून रुग्णाला विचारायच्या प्रश्नांचे एक पान मराठीत तयार करावे, समारोपाआधी. कागद, छपाई आणि ते पान अमिरातीतल्या मराठी घरांपर्यंत पोचवण्याची जबाबदारी स्वागत समिती घेते. अध्यक्षांनी आता पहिल्या सत्राची सूत्रे हाती घ्यावीत, अशी विनंती करते.