बाणाचं टोक कुठे टेकतं?

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



‘तू हल्ली नक्की काय करतेस?’ असं सकाळपासून अनेकांनी विचारलं. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर. सध्या उंदराच्या मेंदूच्या कापांचे फोटो मेंदूच्या नकाशावर बसवणारे प्रोग्राम लिहिते.

हा मेंदू जेमतेम दोन ग्रॅमचा, लांबीला साधारण दोन सेंटिमीटर. ४० मायक्रोमीटर जाडीचे काप केले तर पाचशेच्या आसपास निघतात. त्यांतून शोधायचं एवढंच, की कोणता भाग कोणाला निरोप पाठवतो.

काही निरोप न्यूरोपेप्टाइडचे, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांचे असतात. ऑक्सिटोसिनमध्ये अशी फक्त नऊ आम्लं. हायपोथॅलॅमसमधल्या पेशी ते बनवतात, पिट्यूटरीतून ते रक्तात उतरतं, बाळंतपणात कळा आणतं, पान्हा फोडतं. पण त्या पेशींचे तंतू मेंदूच्या इतर भागांतही जातात.

ही वाट उलटीकडून शोधता येते. जिथे निरोप पोहोचतो असा संशय असतो, तिथे खुणेचं द्रव्य टोचतात. तंतूंची टोकं ते शोषून घेतात आणि काही दिवसांत ते मागे, मूळ पेशीपर्यंत जातं. मग ऑक्सिटोसिन ओळखणारं प्रतिपिंड वापरून कापाला दुसरा रंग देतात. एकाच पेशीत दोन्ही रंग दिसले, तर पाठवणारा सापडला. मात्र सुईने शेजारून नुसते जाणारे तंतू दुखावले, तर तेही द्रव्य शोषतात. म्हणून एवढ्यावर थांबत नाहीत.

२०१२ साली एका संशोधकगटाने विषाणूच्या मदतीने उंदरांच्या या पेशींत प्रकाशाला प्रतिसाद देणारं प्रथिन घातलं. त्यांचे तंतू भीतीशी निगडित अशा अमिग्डालापर्यंत गेलेले दिसले. तिथे निळा प्रकाश टाकताच घाबरून थिजलेले उंदीर कमी थिजू लागले. वाट होती, आणि तिच्यावरून निरोपही जात होता.

माझं काम यातलं छोटंसं. काप किंचित सरकला, तरी पेशी शेजारच्या भागात मोजली जाते आणि आकृतीत एक खोटा बाण उमटतो. त्या बाणावर पुढचा प्रयोग बेतला जातो, त्यासाठी आणखी उंदीर जीव गमावतात. म्हणून आमच्या प्रोग्राममध्ये ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्या जोडीला ‘ठरवता येत नाही’ हेही उत्तर मी ठेवलं आहे. घाईत असलेल्या लोकांना ते आवडत नाही. पण प्रत्येक कापामागे एक जीव गेलेला असतो. त्याच्या नावावर अंदाज खपवायचा नाही.

आपल्या विज्ञानाच्या बाई आकृतीतल्या बाणाचं टोक नेमक्या भागाला टेकलं नसेल, तर अर्धा गुण कापायच्या. बाई, तो अर्धा गुण आज माझा पगार कमावतो आहे.