जनाबाईची वाकळ



गंगाखेडला गोदावरीच्या काठी जिचे देऊळ आहे, ती जनाबाई परभणी जिल्ह्याची लेक. दमा आणि करुंड या दरिद्री जोडप्याची ही मुलगी लहानपणीच पंढरपूरला दामाशेट शिंप्यांच्या घरी आली आणि जन्मभर तेथेच राबली. नामदेवाला तिने अंगाखांद्यावर वाढविले, असे परंपरा सांगते. पुढे नारा, विठा, गोंदा, महादा ही त्याची मुलेही त्याच घरात मोठी झाली. चौदा-पंधरा माणसांच्या त्या कुटुंबात दळण, कांडण, झाडलोट, पाणी हे सारे जनीकडे होते. दोन पिढ्यांची दाई आणि रक्ताचे नाते नसलेली आजी, असे तिचे वर्णन केले तर ते अनुचित ठरू नये. संतपण तिला लोकांनी मागाहून दिले. हयातीत ती मोलकरीणच होती.

तिच्याविषयीची एक आख्यायिका सर्वांच्या ओळखीची आहे. विठ्ठल रात्री जनीच्या झोपडीत येऊन झोपला आणि पहाटे काकडआरतीच्या घाईत तिची वाकळ पांघरून निघून गेला. त्याचे पदक मात्र तिच्याकडेच राहिले. देवळात पदक दिसेना. चोरीचा आळ जनीवर आला, झडती झाली, तिला सुळावर देण्यासाठी चंद्रभागेच्या वाळवंटात नेले; तेथे सुळाचे पाणी झाले. कीर्तनकार या चमत्कारावर थांबतात. परंतु झडतीचाही विचार केला पाहिजे. शोध घेतला गेला तो पदकाचा. देवाच्या अंगावर वाकळ होती. ती कोणी शिवली, ती दिल्यावर जनीने उरलेली थंडी कशी काढली, हे कोणी विचारले नाही. पदकाला किंमत होती म्हणून त्याची नोंद होती. वाकळीला नव्हती.

हा हिशेब पुढे सहाशे-सातशे वर्षे तसाच चालू राहिला. परभणी हा कापसाचा जिल्हा. पण ज्यांनी कापूस वेचला त्यांच्या घरी पांघरूण म्हणून आली ती जुन्या लुगड्या-धोतरांची वाकळच. सुगी संपली, उन्हाळ्याच्या दुपारी घरातली म्हातारी विरलेले कापड थरांवर थर अंथरी, कडेला दगड ठेवी आणि काठापासून आत धावदोरा घालीत जाई. धुवून धुवून मऊ झालेले सुती कापड ती बाजूला काढी. त्याची दुपटी होत. (पुढे नायलॉनची पातळे आली. ती टिकली खरी, पण त्यांच्या वाकळीत ऊब राहिली नाही, ही तक्रार आजही खेडोपाडी ऐकू येते.) हीच म्हातारी बाळंतिणीच्या उशाशी रात्र काढी, शेक देई, काढा उकळी, पोराला न्हाऊमाखू घाली. गंगाखेडच्या परिसरातील तांडे-वस्त्या दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघत, तेव्हा कोयत्याबरोबर वाकळीही गाडीत चढत आणि मागे आजी राही. शाळेतली नातवंडे, आजारी दीर, गाभण गाय, सारे तिच्या भरवशावर. ती नसती तर कोयत्याची उचल घेणे कित्येक जोडप्यांना शक्यच झाले नसते. साखरेच्या किमतीत तिचा वाटा आहे. ताळेबंदात तो सापडणार नाही.

अर्थशास्त्राने या प्रश्नाकडे अगदीच दुर्लक्ष केले असे नाही. मालकाने आपल्या घरकामाच्या बाईशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती पिगूने 1920 मध्येच दाखविली होती. दाखविली आणि शास्त्र पुढे गेले. आपल्या देशात राष्ट्रीय नमुना पाहणीत, घरकाम सांभाळून सरपण गोळा करणाऱ्या, घरासाठी शिवणटिपण करणाऱ्या बाईला 93 हा सांकेतिक क्रमांक दिला गेला आणि तिची गणना श्रमशक्तीच्या बाहेर झाली. वाकळ शिवणारी आजी त्या आकड्यात आहे. 2019 च्या वेळ-वापर पाहणीत विनामोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे, तर पुरुषांची 97 मिनिटे वेळ जातो असे दिसले. आणि असे काम करणारे पुरुष मुळात शंभरात सव्वीसच. आपल्या शिबिरांना घराघरांतून आलेल्या भाकरी कोणाच्या मिनिटांतून आल्या, हेही कार्यकर्त्यांनी एकदा मोजावे.

कोणी म्हणेल, आजीची माया का मोजायची? माया मोजू नये, हे खरे. पण मायेच्या नावाखाली श्रम फुकट घेण्याची सवय एकदा लागली की ती घरापुरती राहत नाही. 2005 पासून सरकारने गावोगाव आशा नेमल्या. गरोदर बाईची नोंद, लसीकरण, रात्री-अपरात्री रुग्णालयापर्यंत सोबत, करोनाच्या साथीत दारोदार पाहणी. म्हणजे आजीच्या कामाला सरकारी वही जोडली. नाव दिले स्वयंसेविका, आणि वेतनाऐवजी कामागणिक मोबदला. 2023-24 च्या हिवाळ्यात महाराष्ट्रातील आशा संपावर गेल्या, मुंबईत आझाद मैदानावर ठाण मांडून बसल्या. मार्च 2024 मध्ये सरकारने मोबदला वाढविला. रक्कम वाढली, ती त्यांनी लढून मिळविली. आदेशातला शब्द मात्र मोबदला हाच राहिला. वेतन म्हटले असते तर तिला कामगार म्हणावे लागले असते. मग रजा, निवृत्तिवेतन आणि म्हातारपणाची तरतूद, हे सारेच ओघाने आले असते.