मुंबई ते लेह : प्रवास नेमका किती तासांचा?



इंदूर असो, बडोदा असो की हैदराबाद, लडाखला निघालेली मराठी माणसं मला एक प्रश्न हमखास विचारतात, "कर्नलसाहेब, लेहला पोहोचायला किती वेळ लागतो?"

आधी विमानाचा हिशोब सांगतो. मुंबई आणि लेह या विमानतळांमधलं सरळ अंतर साधारण १,७४० किलोमीटर. दिल्ली जवळजवळ वाटेवरच आहे. मुंबई ते दिल्ली दोन तास, पुढे लेहपर्यंत ६२० किलोमीटर, सव्वा ते दीड तास. म्हणजे हवेत साडेतीन तास. रात्री मुंबईहून निघालेला माणूस सकाळी लेहला चहा पितो.

आता शरीराचा हिशोब. मुंबई समुद्रकाठी, तर लेहची धावपट्टी सुमारे १०,७०० फुटांवर. तिथे हवेचा दाब जवळपास एक तृतीयांशाने कमी, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी.

२४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहेर सिंग यांनी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन लेहला पहिलं डाकोटा विमान उतरवलं. तोवर लोक झोजी-ला ओलांडून पायी, घोड्यावरून, दिवसचे दिवस चालत जायचे. उंची हळूहळू अंगवळणी पडायची. विमानाने ते दिवस वाचवले, पण शरीराला लागणारा वेळ काही कमी झाला नाही.

म्हणूनच लष्करात या उंचीवर आलेल्या जवानाला सहा दिवस सरावासाठी देतात. पहिले दोन दिवस विश्रांती, पुढचे दोन दिवस सपाटीवर सावकाश चालणं, मग दोन दिवस थोडी चढण. लांबलेल्या सुट्टीवरून परतला, तर पुन्हा पहिल्यापासून. मी लडाखमध्ये असताना हा नियम जवानाला होता तसाच आम्हा अधिकाऱ्यांनाही होता.

तुम्ही मात्र चार दिवसांच्या सहलीत दुसऱ्याच दिवशी सुमारे १७,५०० फुटांवरच्या खारदुंग-लाला निघता! "मी रोज जिमला जातो," हे उत्तर तिथे चालत नाही. धडधाकट तरुणालाही ही उंची बाधते, कारण तो पहिल्याच दिवशी धावपळ करतो.

लेहमध्ये पहिले ४८ तास निवांत राहा. पाणी प्या, दारू टाळा. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर आणखी वर जाऊ नका. बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच रुग्णालय गाठा, प्राणवायू घ्या आणि डॉक्टर सांगतील तसं खाली उतरा. इथे उशीर जिवावर बेततो.

परतीलाही एक दिवस हाताशी ठेवा. दुपारी तिथे वारा सुटतो, म्हणून बहुतेक विमानं सकाळीच उडतात. हवा बिघडली की फेरी रद्द.

तेव्हा तिकिटावर साडेतीन तास लिहिलेले असले, तरी घरच्यांना सांगताना तीन दिवस सांगा. रजाही त्याच हिशोबाने टाका.

जय हिंद.