‘बुनियाद’ आणि आपली उद्योगनगरी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून दूरदर्शनच्या एका जुन्या मालिकेविषयी बोलावे, हे आपणांपैकी काहींस विषय सोडून वाटेल. परंतु आज दुपारी सर्वसाधारण सभेपुढे जो ठराव यावयाचा आहे, त्याच्याशी या मालिकेचा संबंध मजपुरता तरी फार जवळचा आहे. तो कसा, हे ओघाने येईलच.

१९८६ साली दूरदर्शनवर ‘बुनियाद’ सुरू झाली. लेखन मनोहर श्याम जोशी यांचे, दिग्दर्शनाची धुरा रमेश सिप्पी यांजकडे. लाहोरचे एक कुटुंब फाळणीच्या वावटळीत उन्मळून दिल्लीस येते, निर्वासितांच्या छावणीतून पुन्हा संसार उभारते आणि मुले मोठी होऊन आपापल्या वाटांनी पांगतात, असे तिचे कथानक. मास्टर हवेलीराम झालेले आलोकनाथ तेव्हा जेमतेम तिशीचे होते. पण आमच्या आळीतील वडीलधारी मंडळी त्यांस खरोखरीचे वृद्ध गृहस्थच समजत. कथा कोठे कोठे रेंगाळते, हे मान्य केलेच पाहिजे. असो.

आमच्या बिऱ्हाडी त्या वेळी दूरदर्शनचा संच नव्हता. पिंपरी कॅम्पात कापडाचे दुकान असलेल्या एका सिंधी स्नेह्यांच्या घरी आम्ही चारपाच मंडळी जात असू. त्यांच्या मातुःश्रींनी सत्तरी ओलांडली होती. छावणीची दृश्ये चालू असता आम्हां साऱ्यांचे डोळे पाणावले. मातुःश्री मात्र सुपारी कातरीत स्वस्थ बसल्या होत्या. मी धीर करून कारण विचारले. त्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, “हे पंजाबी लोकांचे आहे. ते गाडीने आले, आम्ही आगबोटीने आलो. आमचे कोणी दाखविले नाही.”

हे उद्गार कित्येक दिवस माझ्या मनात घोळत राहिले. पंजाब दुभंगला, म्हणून त्याचा एक भाग तरी इकडे राहिला. बंगालचेही तसेच झाले. सिंध मात्र अखंडच्या अखंड पाकिस्तानात गेला. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल उसळल्यावर हिंदू सिंध्यांचे लोंढेच्या लोंढे आगबोटींनी मुंबईच्या धक्क्यावर उतरले. कोणी कल्याणजवळच्या लष्करी छावणीत गेले, जेथे पुढे उल्हासनगर वसले. कोणी आपल्या पिंपरीस आले. आपल्या भाषेचे म्हणावे असे राज्य त्यांस उरले नाही. सिंधी भाषेस राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळावयास १९६७ साल उजाडावे लागले. त्यांच्या वसाहतीस आपण आजही ‘कॅम्प’ म्हणतो. त्या एका शब्दात एवढे सारे साठलेले आहे, याचा आपण कधी विचार केला होता काय? मी तरी केला नव्हता.

त्यांच्या मागोमाग १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली व पिंपरीत पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुढे टेल्को आली, बजाज आली. अलीकडे चाकणचे माळ मोटारींच्या कारखान्यांनी भरून गेले. १९८२ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत वस्ती १७ लाखांवर गेली. ही सारी माणसे आभाळातून थोडीच पडली? कार्तिक शुद्ध षष्ठीस मोशीच्या घाटावर बिहारी भगिनी इंद्रायणीत उभ्या राहून सूर्यास अर्घ्य देतात. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत त्याच नदीकाठी आळंदीस वारकऱ्यांची दाटी होते. पाणी एकच!

आणि आपण कोण? मोशी, भोसरी, चिखली येथील ज्यांच्या जमिनींवर ही नगरी उभी राहिली, ते इथले. आपण बहुतेक सारे सोलापूर, खानदेश, मराठवाडा येथून पोटासाठी आलेले. मी १९७४ साली पत्र्याची पेटी घेऊन आकुर्डीस उतरलो. दुष्काळी मुलखातला, भाडे बुडवील, म्हणून एका घरमालकाने मला दारातूनच परत पाठविले. मंडळाच्या खोलीत सहा महिने आसरा मिळाला, म्हणून टिकलो.

आता ठरावाकडे येतो. वसतिगृहातील सहा खाटा दोन वर्षे रिकाम्या आहेत. चाकणच्या कारखान्यांत उमेदवारी करणाऱ्या परप्रांतीय मुलांस त्या द्याव्यात, अशी सूचना गतवर्षी आली, आणि ती फेटाळण्यात मीच पुढे होतो. ज्ञातीच्या पैशातून उभी राहिलेली वास्तू ज्ञातीसाठीच असावी, असे मी म्हणालो. या म्हणण्यात तथ्य नाही, असे आजही मी म्हणणार नाही. या इमारतीसाठी आपल्या मातांनी हातातील बांगड्या उतरविल्या आहेत. म्हणूनच आपल्या मुलाचा अर्ज आला तर पहिला हक्क त्याचा, ही अट ठरावात घातली आहे. भोजनाच्या व्यवस्थेबद्दल भगिनी-मंडळाचे काही आक्षेप आहेत. ते रास्त असून त्यांवर सभेत सविस्तर चर्चा व्हावी.

सभा दुपारी ३ वाजता आहे. ठरावाची प्रत कार्यालयात ठेविली आहे. गतवर्षी विरोधकांच्या यादीत पहिली सही माझी होती. यंदा अनुमोदकाच्या जागी मी सही केली आहे.